नाझिया हसन : पडद्याबाहेरचा आवाज

लेखमाला : गाणे आणि त्याचा काळ
लेखांक बारावा

नाझिया हसनचा जन्म ३ एप्रिल १९६५ रोजी कराचीत झाला. वडील बसीर हसन व्यापारी होते आणि आई मुनीझा बसीर समाजकार्यात होत्या. नाझिया थोरली; तिच्यामागून झोहेब हा भाऊ आणि झारा ही बहीण. कुटुंबाचे एक घर कराचीत होते आणि एक लंडनमध्ये. मुलांचे बालपण या दोन शहरांत वाटले गेले. घरात उर्दू, शाळेत इंग्रजी, कानावर गझल आणि फिल्मी गाणी, तर लंडनच्या रेडिओवर त्या दिवसांत गाजणारे पाश्चात्त्य पॉप, अशी ही वाढ होती. अमुक एका घराण्याची तालीम किंवा गुरूपुढे बसून केलेला रियाज तिच्या वाट्याला आला नाही. पुढे तिच्या गाण्याचे जे वेगळेपण ठरले, त्याचे मूळ या दुहेरी वाढीत आणि या न मिळालेल्या तालमीत आहे.

गाण्याशी तिचा पहिला जाहीर संबंध आला तो पाकिस्तान टेलिव्हिजनवर. १९७०च्या दशकात संगीतकार सोहेल राणा तिथे मुलांसाठी गाण्यांचे कार्यक्रम करत. त्यांत नाझिया आणि झोहेब गाऊ लागले. सोहेल राणा हे नाव इथे महत्त्वाचे आहे. १९६६च्या 'अरमान' या चित्रपटासाठी त्यांनी बांधलेले आणि अहमद रश्दी यांनी गायलेले 'को को कोरीना' हे गाणे पाकिस्तानातले पहिले पॉप गीत मानले जाते. पाश्चात्त्य ठेक्यावर उर्दू शब्द सहज बसतात, हे ज्याने आपल्या देशात आधी दाखवून दिले, त्याच संगीतकाराच्या मुलांच्या मेळ्यात नाझियाचा आवाज पहिल्यांदा माइकसमोर आला.

चित्रपटगीतांचे राज्य

नाझियाने काय बदलले हे कळण्यासाठी १९८०च्या आधीची भारतीय गाण्याची व्यवस्था पाहावी लागते. त्या काळी लोकप्रिय गाणे म्हणजे चित्रपटाचे गाणे, असेच समीकरण होते. गझल, भजन, कव्वाली यांच्या ध्वनिमुद्रिका निघत. मराठीत तर भावगीताने चित्रपटाबाहेर स्वतःचे भक्कम घर उभे केले होते. उषा उथुप यांच्यासारख्या गायिका हॉटेलांतून आणि नाइट क्लबांतून पाश्चात्त्य धाटणीची गाणी गात. पण देशभरच्या तरुणांनी गुणगुणावे असे नाचाचे, ठेक्याचे हिंदी गाणे चित्रपटाशिवाय जन्माला येत नव्हते.

चित्रपटातल्या गाण्याला दोन मालक असत. आवाज पार्श्वगायिकेचा आणि चेहरा नटीचा. आवाज कुणाचा हे श्रोत्यांना ठाऊक असे, तो नावाने ओळखलाही जाई. पण गाण्याबरोबर डोळ्यांसमोर येई ती पडद्यावरची नायिका. त्यामुळे पार्श्वगायिकेकडून एक खास कसब अपेक्षित असे. आज सोळा वर्षांच्या अल्लड मुलीसाठी, उद्या विधवेसाठी, परवा क्लबमधल्या नर्तकीसाठी गायचे आणि दरवेळी आवाजाने वेगळा अभिनय करायचा. मींड, मुरकी, खटका यांवर हुकमत असलेला, तिन्ही सप्तकांत फिरणारा गळा ही या धंद्यातली पहिली अट होती. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांनी ही अट इतक्या उंचीवर नेऊन ठेवली होती की नव्या मुलीने दार ठोठावण्याआधीच तिचे माप घेतले जाई.

ध्वनिमुद्रणाची पद्धतही याच व्यवस्थेला साजेशी होती. मुंबईत ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस किंवा वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ अशा ठिकाणी पन्नास-साठ वादकांचा ताफा जमे. व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांत आणि वाद्यमेळाची रचना लिहून काढणाऱ्या अरेंजरांत गोव्याच्या कलावंतांचा मोठा भरणा असे. गायक आणि वादक एकाच वेळी गात-वाजवत. कुणाचा एक सूर चुकला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. अशा जागी न चुकणारा, कसलेला गळाच टिकणार हे उघड आहे.

बिद्दू यांची वाट

या व्यवस्थेच्या बाहेरून एक माणूस आला. बिद्दू अप्पय्या हे १९४५ साली बेंगळुरूत जन्मलेले कोडवा संगीतकार. तरुणपणी ते 'ट्रोजन्स' नावाच्या बँडमध्ये इंग्रजी गाणी वाजवत आणि भारतातल्या शहरांतून कार्यक्रम करत. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते नशीब काढायला लंडनला गेले. तिथे बरीच वर्षे धडपड केल्यावर १९७४ साली त्यांनी कार्ल डग्लस या गायकासाठी 'कुंग फू फायटिंग' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ते मुळात तबकडीच्या दुसऱ्या बाजूला भरती म्हणून टाकायचे होते आणि सत्राच्या शेवटी उरलेल्या थोड्या वेळात उरकले गेले. हेच गाणे ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. १९७६ साली टीना चार्ल्सने गायलेले त्यांचे 'आय लव्ह टू लव्ह' ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. युरोपीय डिस्कोच्या सुरुवातीच्या शिल्पकारांत बिद्दू यांची गणना होऊ लागली.

डिस्कोत ठेका राजा असतो. एका मात्रेवर एक असा बास ड्रमचा सरळ, न थांबणारा ठोका, त्याखाली उड्या मारत चालणारी बास गिटार आणि वर तंतुवाद्यांचे किंवा सिंथेसायझरचे छोटे छोटे झोत अशी त्याची बांधणी. नाचणाऱ्याचे पाऊल चुकू नये म्हणून लय कुठेच सैल पडत नाही. अशा गाण्यात गायकाने आलाप-मुरक्यांनी लय ताणली तर गाणे अडखळते. डिस्कोला हवा असतो तो ठेक्यावर स्वार होणारा, सरळ, हलका आणि लक्षात राहणारा आवाज.

या संगीताचा अमेरिकेतला बहर तोवर ओसरत आला होता. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्याचा प्रकार झाला, आणि डिस्कोचा उतार सुरू झाल्याची ती खूण मानली जाते. भारतात मात्र नेमकी याच सुमारास त्याची पहाट व्हायची होती.

'आप जैसा कोई'

अभिनेते आणि निर्माते-दिग्दर्शक फिरोज खान यांना चकचकीत, पाश्चात्त्य धाटणीच्या चित्रपटांची आवड होती. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते 'कुर्बानी'च्या तयारीत होते. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींकडे होते. पण क्लबमधल्या एका गाण्यासाठी फिरोज खान यांना अस्सल डिस्को हवा होता आणि त्यासाठी त्यांनी बिद्दू यांना गाठले. लंडनमधल्या एका मेजवानीत फिरोज खान यांची गाठ नाझियाशी पडली. शाळकरी मुलीचा आवाज त्यांना वेगळा वाटला आणि त्यांनी तिला बिद्दू यांच्याकडे पाठवले.

बिद्दू यांच्यापुढे आलेला आवाज मुंबईच्या मापात बसणारा नव्हता. तो बारीक होता, किंचित अनुनासिक होता आणि त्यात तालमीची फिरत नव्हती. मात्र त्यात कुणाचीही नक्कल नव्हती. पोरवयाचा कोवळेपणा आणि इंग्रजी वळणाने हलके झालेले उच्चार यांमुळे तो ऐकताच वेगळा कळत असे. त्या काळी नवी गायिका लताबाईंच्या किंवा आशाबाईंच्या छायेत गाते की काय हाच पहिला प्रश्न असे. नाझियाच्या बाबतीत तो प्रश्नच उद्भवला नाही.

गाणे लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि तेही २४ ट्रॅकवर. या पद्धतीत प्रत्येक वाद्यासाठी फितीवर स्वतंत्र पट्टा असतो. आधी ड्रम आणि बास मुद्रित करायचे, त्यावर गिटार, मग सिंथेसायझर आणि सगळ्यात शेवटी आवाज. सगळे एकदम वाजवण्याची गरज उरत नाही. गायिकेला एकच ओळ दहा वेळा गाऊन त्यातली उत्तम निवडता येते. बिद्दू यांनी आणखी एक युक्ती केली. नाझियाचा आवाज दोनदा मुद्रित करून एकावर एक बसवला. त्यामुळे बारीक आवाजाला भरीवपणा आला आणि त्याभोवती घुमारा तयार झाला. मुंबईच्या पद्धतीत जो गळा कच्चा ठरला असता, तो लंडनच्या यंत्रांवर नेमक्या जागी बसला. इंदीवर यांनी लिहिलेले हे गाणे म्हणजे 'आप जैसा कोई'.

'कुर्बानी' जून १९८० मध्ये प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीच्या सर्वांत यशस्वी चित्रपटांत गणला गेला. पडद्यावर हे गाणे झीनत अमान यांच्या तोंडी होते. लग्नाच्या वरातीपासून गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत ते वाजू लागले. चित्रपटातली इतर गाणीही लोकप्रिय झाली; पण या एका गाण्याचा नाद निराळाच होता. घराघरांतल्या रेडिओतून असा बास आणि असा ठोका याआधी आला नव्हता. ते गाणारी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती.

फिल्मफेअर

१९८१च्या फिल्मफेअर समारंभात सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार नाझियाला मिळाला. या विभागातली ती सर्वांत लहान विजेती आणि फिल्मफेअर मिळवणारी पहिली पाकिस्तानी कलावंत ठरली.

या यशामागे गाण्याच्या लोकप्रियतेइतकेच आणखी एक कारण होते. नव्या गायिकांना वाव मिळावा म्हणून लता मंगेशकर यांनी १९७०च्या सुमारास या पुरस्कारातून अंग काढून घेतले होते. सातव्यांदा पुरस्कार मिळाल्यानंतर, १९७९ साली, आशा भोसले यांनीही यापुढे आपला विचार करू नये असे कळवले. दोन वटवृक्षांची सावली बाजूला झाल्यावर पुढच्या काही वर्षांची यादी पाहण्यासारखी आहे. १९८० साली वाणी जयराम, १९८१ साली नाझिया हसन, १९८२ साली शास्त्रीय गायिका परवीन सुलताना आणि १९८३ साली सलमा आगा. चार वर्षांत चार नावे आणि चारही नावे मुंबईच्या रोजच्या पार्श्वगायनाच्या वर्तुळाबाहेरची. त्यांतही सलमा आगा नाझियासारखीच कराचीत जन्मलेली आणि लंडनमध्ये वाढलेली. नाझिया ज्या दारातून आत आली ते दार त्या काळात खरोखरच किलकिले झाले होते.

'डिस्को दीवाने'

एखाद्या गाण्याने अचानक वर आलेली गायिका त्या काळी पुढे काय करी? मुंबईत येऊन संगीतकारांच्या बैठकींना हजेरी लावी आणि चित्रपटांची गाणी मिळवी. नाझियाने ते केले नाही. ती लंडनमध्येच राहिली, शाळा सुरू ठेवली आणि बिद्दू यांच्याबरोबर दुसऱ्या वाटेने गेली. ही वाट म्हणजे चित्रपटाशिवायचा पॉप आल्बम.

'डिस्को दीवाने' १९८१ साली आला. भारतात तो एचएमव्हीच्या, म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या, लेबलखाली निघाला. झोहेबही त्यात गायला होता. या तबकडीला कथा नव्हती, नायक-नायिका नव्हती, पडद्यावर तिचे काही दिसणार नव्हते. वेष्टनावर फोटो होता तो गाणाऱ्यांचाच. नाझियाचा आवाज आणि नाझियाचा चेहरा इथे पहिल्यांदा एकत्र आले. 'आप जैसा कोई' ऐकताना लोकांना झीनत अमान आठवत. 'डिस्को दीवाने' ऐकताना आठवणारी मुलगी नाझियाच होती.

आल्बम भारत आणि पाकिस्तानात प्रचंड खपला. वेस्ट इंडीज, दक्षिण आफ्रिका यांसारख्या भारतीय वस्तीच्या प्रदेशांत तर तो पोचलाच, पण ब्राझीलसारख्या हिंदी-उर्दूशी काही संबंध नसलेल्या देशातही त्याला श्रोते मिळाले. शीर्षकगीताचे इंग्रजी रूप 'ड्रीमर दीवाने' या नावाने पुढे ब्रिटनमध्ये निघाले.

या खपाला काळाचीही साथ होती. आखाती देशांत नोकरीला गेलेले लोक सुट्टीवर येताना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेले यंत्र, घेऊन येत. तबकडीपेक्षा कॅसेट स्वस्त, टिकाऊ आणि खिशात मावणारी. तबकडी वाजवायला घरात ग्रामोफोन आणि वडीलधाऱ्यांची परवानगी लागे; कॅसेट मुलांच्या खोलीत, सहलीच्या बसमध्ये, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कुठेही वाजे. तरुणांचे म्हणून वेगळे गाणे असू शकते आणि ते तरुण स्वतः विकत घेऊ शकतात, हे कंपन्यांच्या ध्यानात आले ते या काळात. हिंदी चित्रपटानेही डिस्को उचलला. १९८२च्या अखेरीस आलेल्या 'डिस्को डान्सर'ने तर बप्पी लाहिरी आणि मिथुन चक्रवर्ती यांची नावे सोव्हिएत संघापर्यंत नेली.

मायदेशी

पाकिस्तानातली परिस्थिती निराळी होती. ५ जुलै १९७७ रोजी जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता हाती घेतली होती आणि लष्करी राजवट इस्लामीकरणाच्या मार्गाने निघाली होती. दूरचित्रवाणीवर स्त्रियांचा पेहराव, नाच, पाश्चात्त्य संगीत यांवर बंधने येत होती. तरुण मुलीने जीन्स घालून डिस्को गावे, हे राज्यकर्त्यांच्या चौकटीत बसणारे नव्हते.

भारतीय चित्रपटांना तर १९६५च्या युद्धापासून तिथल्या चित्रपटगृहांत बंदी होती. म्हणजे ज्या गाण्याने नाझिया प्रसिद्ध झाली, ते तिच्याच देशात पडद्यावर दिसणे शक्य नव्हते. ते पोचले व्हिडिओ कॅसेटवरून, रेडिओवरून आणि हातोहात फिरणाऱ्या ध्वनिफितींवरून. मात्र 'डिस्को दीवाने'चे तसे नव्हते. तो पाकिस्तानात रीतसर निघाला आणि घरोघरी पोचला. सरकारी माध्यमांनी हात आखडता घेतला तरी कॅसेटला परवाना लागत नव्हता. आलमगीर, मुहम्मद अली शेहकी यांच्यासारखे गायक आधीपासून दूरचित्रवाणीवर पॉप गात होते. पण आल्बमच्या बळावर उभी राहिलेली मोठी पॉप तारका म्हणून पाकिस्तानात नाझियाचेच नाव घेतले जाते.

'स्टार' आणि 'यंग तरंग'

यशाच्या या लाटेवर १९८२ साली 'स्टार' हा हिंदी चित्रपट आला. दिग्दर्शक विनोद पांडे, नायक कुमार गौरव. जोडीला रती अग्निहोत्री आणि पद्मिनी कोल्हापुरे. संगीत बिद्दू यांचे आणि आवाज नाझिया-झोहेबचे. 'बूम बूम' हे त्यातले गाणे गाजले आणि नाझियाला पुन्हा फिल्मफेअरचे नामांकन मिळाले; चित्रपट मात्र चालला नाही. याचा अर्थ स्पष्ट होता. गाणी चित्रपटामुळे नव्हे, स्वतःच्या जोरावर विकली जात होती. नाझियाच्या गाण्याला पडद्याची गरज उरलेली नव्हती.

१९८४चा 'यंग तरंग' याच निष्कर्षावर उभा राहिला. त्यातल्या गाण्यांचे व्हिडिओ लंडनमध्ये चित्रित झाले. व्हिडिओसह निघालेला तो पाकिस्तानातला पहिला आल्बम मानला जातो. अमेरिकेत एमटीव्ही सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि भारतात उपग्रह वाहिन्या यायला अजून सात-आठ वर्षे होती. 'आँखें मिलाने वाले' या गाण्यात नाझिया स्वतः कॅमेऱ्यासमोर गाते. पार्श्वगायिका ते पडद्यावरची गायिका हा प्रवास चार वर्षांत पूर्ण झाला, तेव्हा तिचे वय एकोणीस होते.

अभ्यास आणि गाणे

या साऱ्या धामधुमीत नाझियाने शिक्षण सोडले नाही. लंडनच्या रिचमंड अमेरिकन विद्यापीठातून तिने व्यवसाय प्रशासन आणि अर्थशास्त्रात पदवी घेतली, पुढे कायद्याचाही अभ्यास केला आणि संयुक्त राष्ट्रांत काम केले. गाणे तिच्यासाठी पूर्णवेळचा धंदा कधीच झाले नाही. आल्बमांमधले अंतर त्यामुळेच वाढत गेले. 'हॉटलाइन' १९८७ साली आला आणि शेवटचा 'कॅमेरा कॅमेरा' १९९२ साली. त्याची सांगड तिने अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेशी घातली होती.

१९८८च्या ऑगस्टमध्ये झिया विमान अपघातात मरण पावले आणि वर्षअखेरीस बेनझीर भुट्टो यांचे सरकार आले. १९८९च्या सुरुवातीला पाकिस्तान टेलिव्हिजनने शोएब मन्सूर यांच्याकडून 'म्युझिक ८९' हा कार्यक्रम करून घेतला. सूत्रसंचालन नाझिया आणि झोहेब यांचे होते. 'व्हायटल साइन्स'सारखे नवे बँड त्यात झळकले. धार्मिक पक्षांनी त्यावर काहूर उठवले. पण पाकिस्तानी पॉपची पुढची पिढी तोवर लोकांसमोर आली होती. तिला वाट करून देणारी नाझिया तेव्हा चोविशीत होती.

१९९५ साली तिचे लग्न झाले. त्याच वर्षी बिद्दू यांनी अलिशा चिनॉयसाठी केलेला 'मेड इन इंडिया' भारतात गाजला आणि चित्रपटाबाहेरच्या हिंदी पॉपची, म्हणजे इंडीपॉपची, मोठी लाट आली. हे गाणे आपण आधी नाझियासाठी योजले होते, पण भारताचे गुणगान करणारे गाणे पाकिस्तानी श्रोत्यांना दुखावेल म्हणून तिने ते नाकारले, असे बिद्दू यांनी सांगितले आहे. १३ ऑगस्ट २००० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने लंडनमध्ये तिचा मृत्यू झाला. ती पस्तीस वर्षांची होती. पाकिस्तान सरकारने तिला 'प्राइड ऑफ परफॉर्मन्स' हा सन्मान मरणोत्तर दिला.

२०१२ साली 'स्टुडंट ऑफ द इयर' या हिंदी चित्रपटात 'डिस्को दीवाने' नव्या वाद्यमेळासह पुन्हा आले. नव्या गायकांच्या जोडीला त्यात नाझियाचा मूळ आवाजही ठेवला गेला. ज्या गाण्याने चित्रपटाशिवाय जगून दाखवले होते, ते एकतीस वर्षांनी चित्रपटानेच मागून घेतले.